आधी आवळायचं

“उजे, ते इझव आधी.”

गॅसची निळी ज्योत नुकती कुठे नीट धरली होती. मी ती बोल्टच्या डोक्यावर नेणार तेवढ्यात आई मधल्या दारात येऊन उभी राहिली. दोन्ही हातांना पुरण लागलेलं, आणि नजर अशी की मी काहीतरी चोरताना सापडले आहे.

“का? काय झालं?”

“आज पंचमी हाय. लोखंडाला जाळ दावायचा न्हाई. कापायचं न्हाई, ठोकायचं न्हाई. लोहाराच्या घरात जलमलीस आनी हे मी सांगू तुला?”

“आई, गाड्यांना पंचमी नसते.”

“माणसांस्नी असती. इझव.”

मी विझवली. इलाज नव्हता. आमचं गॅरेज म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. मधल्या दाराच्या आत स्वयंपाकघर, त्यामुळे आईचा कायदा शटरपर्यंत चालायचा. नागपंचमीला आमच्याकडे चुलीवर तवा चढत नाही, विळीवर भाजी चिरत नाहीत, सगळं उकडायचं आणि खायचं. आजोबांच्या काळात त्या दिवशी भट्टीसुद्धा पेटत नसे. पण आजोबांच्या भात्यापुढे कुणी वायरमन येऊन बसला नव्हता. माझ्यापुढे बसला होता.

सिदूनाना कोळेकर. आमच्या भागातल्या सात गावांची वीज या माणसाच्या खांद्यावरून चालायची. पूर ओसरून दोन आठवडे झाले होते, तरी नदीपलीकडच्या तीन वाड्या अंधारातच होत्या. उसाच्या रानातल्या चिखलातून जीप जात नव्हती, मोटारसायकल कशीबशी गेली असती. आणि नानांची मोटारसायकल सहा दिवस पाण्याखाली राहून माझ्यासमोर उभी होती. इंजिनात गाळ. इंजिन उघडायचं तर आधी सायलेन्सर काढायला हवा. तो इंजिनाच्या तोंडाला दोन बोल्टांनी धरलेला. पहिला बोल्ट कुरकुरत का होईना, निघाला होता. दुसरा हलत नव्हता.

“पोरी,” नाना शांतपणे म्हणाले, “उद्या सकाळी सातला मला पलीकडं निघायचंय. तुज्यानं हुतंय का न्हाई एवढंच सांग. न्हाईतर आत्ताच टेंपोत घालून सांगलीला नेतो. राग न्हाई माझा.”

“होतंय,” मी म्हटलं. ते खोटं होतं.

खरं असं होतं, की त्या आठवड्यात मी तीन बोल्ट मोडले होते. तीन गाड्या, तीन बोल्ट, तिन्हींची डोकी माझ्या हातात आली आणि धडं इंजिनात राहिली. असा अर्धा बोल्ट काढायचा तर इंजिनाचं डोकं लेथवर न्यावं लागतं, आणि पुरानंतर लेथवाल्यांकडे महिनामहिन्याची रांग होती. तिघांनीही आपापल्या गाड्या ओढून नेल्या. एक जण जाताना म्हणाला, “रंगाअण्णाचा हात न्हाई आला पोरीला.” तो ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, हे विशेष.

रंगाअण्णा म्हणजे माझे वडील. सहा महिन्यांपूर्वी गेले. पंचवीस वर्षांत त्यांनी एकही बोल्ट मोडला नाही, असं गावात सांगतात. कितीही गंजलेला, कितीही जाम झालेला असो, अण्णा त्याच्याशी सकाळभर झटायचे, दोन वाजता शटर अर्धं खाली ओढायचे आणि आत येऊन झोपायचे. “लोखंडालाबी जरा झोप लागती,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अर्ध्या तासाने उठायचे, पाना लावायचे, आणि बोल्ट गरागरा बाहेर. सुट्टीच्या दिवसांत मी त्यांच्याच शेजारी झोपायची, म्हणून हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. निदान मला तसं वाटत होतं.

आता सांगायला लाज वाटते, पण मीही तेच करत होते. आयटीआयमधून पहिल्या वर्गात पास झालेली मुलगी मी. जाम बोल्टवर डिझेल सोडायची, शटर अर्धं ओढायची, गोणपाटावर अर्धा तास आडवी व्हायची. मग उठून अण्णांसारखा पाना लावायची आणि कटकन बोल्ट मोडायची.

आणखी एक गोष्ट होती. जोतीरामकाका, अण्णांचे धाकटे भाऊ, त्यांनी गॅरेजचा गाळा भाड्याने घेणारा एक मोबाइलवाला शोधून ठेवला होता. मला कोल्हापुरात गाड्यांच्या शोरूमवर काउंटरची नोकरी. “एसीत बसायचं, हात काळं न्हाईत हुयाचं,” असं ते दहा वेळा म्हणाले. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या माणसाला घेऊन येणार होते, आणि आम्ही हो की नाही ते सांगायचं होतं. आई काहीच बोलली नव्हती. मी एकदा रागाच्या भरात जाते म्हणून बसले होते, पण मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं की नानांची गाडी निघाली तर नाही म्हणायचं, आणि चौथा बोल्ट मोडला तर हो.

आता मला तो अडलेला बोल्ट न तापवता, न ठोकता, न कापता काढायचा होता.

मी लांब पाना घेतला, त्याच्या दांड्यावर पाइप चढवला आणि दोन्ही पाय रोवून जोर लावला. पाइप वाकल्यासारखा वाटला. बोल्ट हलला नाही.

“दमानं,” नाना म्हणाले.

“दमानंच करतेय.”

“दिसतंय ते.”

मी पुन्हा लावला. या वेळी बोल्ट किंचित हलल्यासारखा झाला. मागचे तिन्ही मोडण्यापूर्वी असेच हलले होते.

“थांब,” आई दारातून म्हणाली. ती गेलीच नव्हती. “पाना खाली ठेव. दोघंबी जेवून घ्या. दोन वाजायला आल्यात.”

“आई, आत्ता जेवण?”

“नाना सकाळपासनं उपाशी हाईत. पुरणाची दिंडं वाफवल्यात. जा, वाढून घ्या. मी जरा शटर वडून येते, कुत्री शिरत्यात.”

नाना लगेच उठले. मला तेव्हा वाटलं, भुकेने उठले.

आत पाटावर बसून नानांनी चार दिंडं संपवली. वर तूप, वर दूध. मला घास जात नव्हता. दिंडं वाफवलेलं मोठं पातेलं चुलीवरून गेलेलं मला दिसलं, पण आई उरलेलं पाणी टाकायला गेली असेल असं वाटलं. मग आठवलं, की पाइप पान्यावरच लटकत राहिला आहे. तो आपल्या वजनाने खाली आला तर बोल्ट तसाच तुटायचा. मी हात धुतले आणि मधलं दार ढकललं.

पाइप कुणीतरी काढून भिंतीला नीट उभा केला होता. अर्ध्या शटरखालून उजेडाची एक पट्टी आत येत होती. आई गाडीपुढे खाली बसली होती, पदर खोचलेला. शेजारी दिंडांचं पातेलं, त्यातून अजून वाफ येत होती. ती वाटीने उकळतं पाणी इंजिनाच्या डोक्यावर सोडत होती, बोल्टवर नाही, बोल्टच्या भोवती. वाटी ठेवली. डिझेलचे चार थेंब टाकले. मग आखूड पाना लावला. माझ्या लांब पान्याच्या निम्माही नव्हता तो. डोळे मिटले, आणि बोल्ट उलट्या बाजूला फिरवला. म्हणजे आवळला.

“आई, तू तो आवळतेयस.”

ती दचकली नाही. डोळेही उघडले नाहीत.

“आधी आवळायचंच असतंय. केसभर. गंज तितनं सुटतोय. सोडवायच्या बाजूनं वडत बसलं की तो आनी घट्ट धरतोय.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“माझ्या बानं. इळं-कोयत्यांच्या मुठी काढताना.” तिने पाना दुसऱ्या बाजूला किंचित नेला, परत आवळला, परत किंचित नेला. आणि मग एक बारीक किरकिर ऐकू आली. इतकी बारीक, की रस्त्यावरून सायकल गेली असती तरी ती बुडून गेली असती.

मी तिथेच खाली बसले. मला सगळं एकदमच कळलं, आणि जे कळलं त्याने मला आनंद झाला नाही. राग आला.

“अण्णा झोपायचे तेव्हा हे तू करायचीस.”

आईने वाटीने पाणी घातलं.

“पंचवीस वर्षं?”

“सगळं न्हाई. गाड्या त्येच दुरुस्त करायचे. इंजिनाचं त्येंच्यागत कुणाला कळत न्हवतं. फकस्त अडलेलं तेवढं मी. पयल्या वर्साला सात बोल्ट मोडलं त्यांनी. तालमीतली ताकद, लावली की तुटलंच. गिऱ्हाईक येईना. आता ते कुणाच्या ध्यानात न्हाई. मग एकदा ते झोपल्यावर मी बघितलं करून.”

“आणि मी? या आठवड्यात मी तीन मोडले. तू इथंच होतीस. भाकऱ्या थापत होतीस. मी आत येऊन रडले, तरी तू बोलली नाहीस.”

आता तिने डोळे उघडले. ते भरले होते.

“काय बोलू? तुझ्या अण्णानं एकबी बोल्ट मोडला न्हाई म्हणतंय गाव. एवढंच ऱ्हायलंय त्यांचं. माणूस गेल्यावर त्येचं नाव खाली घेऊ व्हय मी? तुला सांगितलं तर तू बोलशील. तुझ्या तोंडात काय टिकत न्हाई.”

हे खरं होतं.

“पर परवा तू शोरूमला जाते म्हणालीस,” ती म्हणाली, “तवापासनं माझ्या जिवाला झोप न्हाई. त्येंचं नाव ऱ्हाईल, आनी गॅरेज जाईल. मग ते नाव कुटं लावू?”

तिने पाना माझ्याकडे केला. अंगठ्याचा सांधा सुजलेला होता, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला.

“मला आता पुरं हुत न्हाई. ये, धर. खांद्यानं न्हाई, मनगटानं. डोळं मीट.”

मी डोळे मिटले. तिने माझ्या हातावर आपला हात ठेवला. पुरणाचा आणि डिझेलचा वास एकत्र येत होता.

“आवळ. बास. आता सोडव. कसा लागतोय?”

“हलतोय.”

“हलतोय म्हंजी कसा? मऊ का खरखरीत?”

मी परत फिरवला. “मऊ. रबरागत.”

“तर मग तो फिरत न्हाई, पिळतोय. आता जोर लावलास तर तुटंल. मागं घे.”

तिन्ही बोल्ट मला आठवले. तिन्ही असेच मऊ लागले होते, आणि मी खूश होऊन अंगातलं सगळं बळ लावलं होतं. आयटीआयमध्ये दोन वर्षं शिकून ही एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, कारण ती फळ्यावर लिहून दाखवता येत नाही.

मागे घेतला. पाणी. डिझेल. आवळला, सोडवला. किती वेळा, ते मोजलं नाही. मान अवघडली, गुडघ्यांना मुंग्या आल्या. मध्येच मी म्हटलं, “आई, हे पाणी तापवलेलं चालतं का पंचमीला?”

“पाणी तापलंय. लोखंडाखाली जाळ कुटं घातलाय?” ती म्हणाली. “बोलू नगंस. ऐक.”

आणि मग पान्याखाली खरखर लागली. वाळू चिरडल्यासारखी. माझ्या तोंडून काही निघायच्या आत आईच्या हाताने माझा हात दाबला, तिलाही कळलं होतं. अर्धा आटा. मागे. एक आटा. मागे. दोन. मग तिने आपला हात काढून घेतला आणि मी एकटीने, बोटांनी, तो बोल्ट शेवटपर्यंत फिरवला. अख्खा. डोकं, धड, लाल गंजाने माखलेले आटे, सगळं माझ्या तळहातावर. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

मधल्या दारात खाकरल्याचा आवाज आला. सिदूनाना टॉवेलने तोंड पुसत उभे होते.

आई चटकन उठली. पदर सोडला, पातेलं उचललं, आणि आत जायला वळली. ते तिने अगदी सवयीने केलं. पंचवीस वर्षं ती अशीच उठून आत गेली असणार.

“नाना,” मी म्हटलं, “बोल्ट आईनं काढला.”

“उजे,” आई दबक्या आवाजात म्हणाली.

“आईनं काढला. अण्णांच्या वेळेलाही आईच काढायची.” माझ्या तोंडात काही टिकत नाही, ते त्या दिवशी बरंच झालं.

नाना पुढे येऊन उलट्या क्रेटवर बसले.

“म्हाईत हाय की,” ते म्हणाले.

आईच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

“वैनी, पंदरा वर्सं मी त्या शटराभाईर कट्ट्यावर बसत आलोय. रंगा झोपला की आतनं बांगड्या वाजायच्या. रंगा बांगड्या भरत न्हवता, एवढं मला कळतंय. आज वाजल्या न्हाईत. म्हणून मला आत बसून धाकधूक, की तुमी बोल्टला बसलाय का न्हाई.”

आईने नकळत आपल्या उघड्या मनगटांकडे पाहिलं.

“आनी कुणाला म्हाईत हाय?” तिने विचारलं.

“आळीला.”

“सगळ्या आळीला?”

“भाईरच्यास्नी नसंल. आळीला हाय.”

“मग कवा बोलला का न्हाईसा?”

“तुमी दोघंबी लपवत हुतासा. आमी कशाला मधी पडू? वाटलं, तुमचा काय तरी इचार आसंल.” नानांनी टॉवेल खांद्यावर टाकला. “एकदा मी रंगाला छेडलं हुतं, पुलाच्या कामावर. म्हणलं, काय रं, दुपारचा मिस्त्री कोण हाय तुझा? तर म्हणाला, माझ्या घरात माझ्यापरास बरा मिस्त्री हाय सिदू, पर ती भाईर यायला लाजती. मी किती येळा म्हणलं, येत न्हाई.”

“असं म्हणाले?” आई म्हणाली.

“असंच म्हणाला.”

“मला कवाच म्हणाले न्हाईत. भाईर ये म्हणून एकदाबी न्हाई.”

अण्णा तिला खरंच म्हणाले होते आणि तिने ऐकलं नव्हतं, की ते फक्त नानांपुढे मोठेपणाने बोलले, हे मला आजही ठाऊक नाही. आईने पातेलं खाली ठेवलं. मग तिने पदर परत खोचला.

“इंजिन उघडायचं न्हाई व्हय?” ती मला म्हणाली. “नानांस्नी सातला जायाचंय.”

पाणी, गाळ, एक मेलेला झिंगा, असं सगळं त्या इंजिनातून निघालं. ते धुणं, पुसणं, नवं तेल घालणं माझं काम होतं आणि ते मला येत होतं. कव्हरचे दोन स्क्रू अडले, ते आईने काढले. अण्णा पंचमीला कधी गॅरेजच उघडत नव्हते, याची आठवण तिने मला साडेपाच वाजता करून दिली. सहाच्या सुमाराला गाडी तीनदा खोकली आणि चालू झाली. नानांनी तिच्यावर बसून गल्लीत एक फेरी मारली, आणि कट्ट्यावरची चार माणसं उगाच उठून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला जोतीरामकाका आले. बरोबर तो मोबाइलवाला, हातात मोजपट्टी. मी पुरातली आणखी एक गाडी घेऊन बसले होते. काका शटरमध्येच थांबले आणि नेहमीसारखे आतल्या दाराकडे बघून म्हणाले, “वैनी, ह्यांस्नी आणलंय. फकस्त हो म्हणायचं.”

“मी हितं हाय भावजी,” आई म्हणाली.

ती गाडीच्या पलीकडच्या बाजूला खाली बसली होती, म्हणून त्यांना दिसली नव्हती. काका वाकले. तिचे हात मनगटापर्यंत काळे होते.

“तुमी? तुमी तितं काय करतासा?”

“बोल्ट काढते. गाळा द्यायचा न्हाई.”

“अवो पर उजीची नोकरी...”

“उजीचं उजी सांगंल. माझं काम सुरू झालंय.”

काका माझ्याकडे बघायला लागले. मोबाइलवाल्याने मोजपट्टी खिशात घातली. समोरच्या कट्ट्यावर बोलणं थांबलं होतं, म्हणजे सगळे ऐकत होते, आणि आईलाही ते माहीत होतं. तिने मान वर केली नाही. डोळे मिटले, पाना लावला, आणि आधी आवळला.

“काका,” मी म्हटलं, “जरा बाजूला व्हा. तिला ऐकू येऊ दे.”